केजची लेक, धाराशिवची लेक आणि गावचं सव्वाचार गुंठे मैदान

  आज बचत गटाचा हिशेब नाही, शेळीपालनाचं कर्ज नाही, की पापड-कुरडयांचं मार्केटिंग नाही. आज खेळाबद्दल बोलायचं आहे. खेळ म्हटल्यावर ‘ते पोराबाळांचं काम’ म्हणून उठू नका. हातातलं काम चालू द्या आणि कान इकडे ठेवा, कारण हा विषय तुमच्या-आमच्या घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरीचा आहे.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा शेवटचा सामना झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८ विरुद्ध ४० अशा गुणांनी हरवलं. त्या संघाची कर्णधार होती प्रियांका इंगळे. तिचं मूळ गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात. घरचे पोटापाण्यासाठी पुण्याकडे गेले आणि प्रियांका तिथे वाढली, तिथेच खेळली. संघात आणखी एक मराठवाड्याची लेक होती, धाराशिवची अश्विनी शिंदे. केज काय नि धाराशिव काय, आपल्यासारखीच दुष्काळाची, ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांची गावं. तिथल्या मुली जगातल्या पहिल्या विश्वविजेत्या संघात होत्या. हे वाक्य आम्ही इथे दोन गटांच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा बायांनी पहिला प्रश्न विचारला, “म्हणजे आपलाच तो खो-खो? गल्लीतला?”

हो, तोच. आपण सगळ्या जणी शाळेच्या पटांगणात खेळलो तोच. पण गल्लीत खेळताना आपण निम्मे नियम आपल्या सोयीचे करतो, म्हणून खरा खेळ कसा असतो ते आधी सांगतो.

मैदान लांबीला २७ मीटर आणि रुंदीला १६ मीटर. आपल्या मापात सांगायचं तर सव्वाचार गुंठे. दोन टोकांना दोन लाकडी खांब, चार फुटांच्या आसपास उंचीचे. खांबापासून खांबापर्यंत मधोमध एक पट्टा, आणि त्या पट्ट्यावर आठ चौकोन. एका संघात बारा जणी, त्यातल्या नऊ जणी मैदानात उतरतात. आठ जणी चौकोनात बसतात. एकीचं तोंड पूर्वेला, तर शेजारणीचं पश्चिमेला. नववी उभी असते, ती पाठलाग करते. समोरच्या संघाच्या तिघी-तिघी अशा तुकडीने आत येतात आणि पळतात. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी.

आता गंमत इथे आहे. पळणारी कुठूनही कशीही पळू शकते, बसलेल्या दोघींच्या मधून इकडून तिकडे जाऊ शकते. पाठलाग करणारीला मात्र ते चालत नाही. एकदा ज्या दिशेने पाऊल टाकलं, त्याच दिशेने जायचं, मागे फिरायचं नाही. मधला पट्टा ओलांडायचा नाही. पलीकडच्या बाजूला जायचं तर खांबाला वळसा घालूनच जावं लागतं. मग ती पळणारीला पकडणार कशी? एकटी पकडूच शकत नाही. पळणारी पलीकडे निसटली की पलीकडे तोंड करून बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला मागून हात लावायचा आणि त्याच क्षणी मोठ्याने ‘खो’ म्हणायचं. ती ताडकन उठते, आणि ही तिच्या जागी बसते. हात आधी आणि आवाज नंतर झाला तर चूक. आवाज न देता नुसता हात लावला तरी चूक. प्रत्येक संघाला पाठलागाच्या दोन पाळ्या मिळतात, मोठ्या मुलींची एकेक पाळी नऊ मिनिटांची. आपला संघ जितक्या जणींना बाद करेल तितके गुण.

आपल्या बोलण्यात ‘कामात खो घालणे’ म्हणजे आडवं येणे, काम बिघडवणे. खेळात त्याच्या अगदी उलट. तिथे ‘खो’ म्हणजे ‘माझ्याच्याने इथवर झालं, आता तू ऊठ’. हा शब्द बोलीत असा का बिघडला, कोण जाणे. आम्हाला वाटतं, बसलेल्या बाईला अचानक उठवलं की घरच्यांना ते आडवं आल्यासारखंच वाटत असणार.

या खेळात उंची लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत, रॅकेट नाही, चेंडू नाही. लागतो तो दम, लवचीक कंबर आणि क्षणात निर्णय घेणारं डोकं. खांबाजवळ पाठलाग करणारी अंग झोकून सूर मारते, ते पाहण्यासारखं असतं. आणि पळणारी हुलकावणी देते, डावीकडे खांदा टाकते आणि उजवीकडे निसटते. विळा-दोरी घेऊन बांधावरून पळणाऱ्या, हंडा डोक्यावर घेऊन वाट काढणाऱ्या पोरींचं अंग या खेळाला आधीच तयार असतं, असं आमचं मत आहे. कुणी तज्ज्ञ वेगळं म्हणत असतील तर म्हणोत.

खेळ जुना, पण नियमात बांधला गेला तो पुण्यात. १९१४ साली डेक्कन जिमखान्याने पहिले नियम केले. १९३६ ला बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपले देशी खेळ तिकडे करून दाखवले, त्यात खो-खोही होता. पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० ला विजयवाड्याला सुरू झाली. लगेच पुढच्या हंगामात महिलांचीही सुरू झाली, आणि तीसुद्धा आपल्या कोल्हापुरात. म्हणजे बायकांना या खेळात पन्नास वर्षं थांबावं लागलं नाही. बाकीच्या कितीतरी खेळांत लागलं.

राष्ट्रीय अजिंक्यपद म्हणजे प्रत्येक राज्याचा एक संघ, शिवाय रेल्वे, विमानतळ प्राधिकरण अशा नोकरीच्या ठिकाणांचे संघ, आणि सगळे एका गावात जमून चार-पाच दिवस खेळतात. सर्वांत चांगल्या खेळाडूला जे पुरस्कार मिळतात, त्यांची नावं ऐका. महिलांमध्ये राणी लक्ष्मीबाई पुरस्कार, कुमारी म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलींमध्ये जानकी, आणि चौदा वर्षांखालच्या किशोरींमध्ये इला. प्रियांका इंगळेला लहानपणी इला मिळाला आणि मोठेपणी राणी लक्ष्मीबाई. महाराष्ट्राच्या महिलांनी ही स्पर्धा अनेकदा जिंकली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पंचावन्नावी राष्ट्रीय स्पर्धा थेट धाराशिवला झाली, तुळजाभवानी स्टेडियमवर, आणि महिलांचं अजिंक्यपद महाराष्ट्राकडेच आलं.

सरकार-दरबारीही सुरुवातीला बायकांचं नाव होतं. १९७१ ला अचला देवरे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मग भावना परीख, नीलिमा सरोळकर, उषा नगरकर, सुषमा सरोळकर, वीणा परब. सत्तरच्या दशकापासून पंच्याऐंशीपर्यंत दर दोन-चार वर्षांनी एखादी खो-खोवाली बाई राष्ट्रपती भवनाची पायरी चढत होती. १९९८ ला शोभा नारायण यांना मिळाला आणि त्यानंतर थेट २०२०. मधली बावीस वर्षं कोरडी गेली. पोरी काही खेळायच्या थांबल्या नव्हत्या. दूरदर्शनचे चॅनेल वाढले, क्रिकेट घराघरांत शिरलं, आणि मातीतल्या खेळाकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही. अजूनही बघा, २०२२ ला खो-खोची मोठी व्यावसायिक लीग सुरू झाली, पुण्याच्या बालेवाडीत, टीव्हीवर दिसली, खेळाडूंना पैसे मिळाले. पण संघ सगळे पुरुषांचे. पोरींनी विश्वचषक जिंकला, तरी त्यांची तशी लीग त्या वेळी नव्हती. आम्हाला हे पटत नाही, आणि ते इथे बोलून ठेवतो.

तर २०२० ला बावीस वर्षांचा तो दुष्काळ संपवला तो सारिका काळेने. तीसुद्धा धाराशिवची, तेव्हाच्या उस्मानाबादची. तिची गोष्ट जरा सावकाश सांगायची आहे.

सारिका तेरा वर्षांची असताना, २००५-०६ च्या सुमारास, तिच्या मामांनी तिला मैदानावर नेलं. घरची परिस्थिती अशी की वडिलांच्या आजारपणामुळे त्यांची कमाई नाही. आई शिवणकाम करायची. आधार आजी-आजोबांचा. सारिकाने स्वतः पुढे मुलाखतीत सांगितलं आहे की खेळायच्या काळात जवळजवळ दहा वर्षं तिला दिवसातून एकदाच जेवण मिळायचं. चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर.

मैत्रिणींनो, जरा विचार करा. सकाळी मैदानावर दोन तास पळायचं, शाळा करायची, संध्याकाळी परत मैदान, आणि पोटात एक वेळचं अन्न. त्या अन्नावर ती राज्याकडून खेळली, देशाकडून खेळली. २०१६ ला गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या, तिथे ती भारताची कर्णधार होती आणि संघाने सुवर्णपदक आणलं. आणि त्याच वर्षी घरच्या अडचणींनी ती इतकी खचली की खेळ सोडायचं ठरवून बसली. खोलीतून बाहेर येईना. तेव्हा आजीने प्रशिक्षक चंद्रजीत जाधव सरांच्या कानावर घातलं. सरांनी समजावलं, पोरगी परत मैदानावर गेली. पुढे तिला सरकारी नोकरी लागली, क्रीडा अधिकारी म्हणून, तुळजापूर तालुक्यात. २०२० चा अर्जुन पुरस्कार करोनामुळे पडद्यावरच्या समारंभात मिळाला.

या गोष्टीत लोक सारिकाच्या जिद्दीचं कौतुक करतात, आणि ते करायलाच हवं. आम्हाला मात्र तिच्या आजीचा फार आदर वाटतो. पदक, पुरस्कार, कर्णधारपद यातलं तिला किती कळत होतं आम्हाला माहीत नाही. पण नात खोलीत कोंडून बसलीय, हे कुणाला तरी सांगितलं पाहिजे, एवढं तिला कळलं आणि तिने सांगितलं. गावात अशा किती पोरी खोलीत कोंडून बसतात आणि आपण म्हणतो, ‘वयच तसं आहे, होईल नीट’.

आता जेवणाचं. एका जेवणावर अर्जुन पुरस्कार मिळाला म्हणून सगळ्यांनी एका जेवणावर खेळावं, असा अर्थ कुणी काढू नये. सारिका एक निघाली. तिच्याबरोबर सुरुवात करून भुकेनेच थांबलेल्या पोरींची नावं कुणी लिहून ठेवत नाही. आपल्या घरात वाढायची रीत कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. आधी पुरुष, मग पोरगा, मग पोरगी, आणि शेवटी खरकट्याबरोबर आपण. पळणाऱ्या पोरीला दूध-बदाम घाला असं आम्ही म्हणत नाही. बाजरीची भाकरी आहेच. तिच्याबरोबर मोडाची मटकी, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, जमेल तेव्हा अंडं, पालेभाजी, आणि वर लिंबू पिळलेलं. एवढं आपल्या चुलीवर होतं. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात, ती पोरी फेकून देतात हे आपल्याला माहीत आहे. ती खायला लावा, आणि रिकाम्या पोटी देऊ नका, मळमळतं. पोरगी चार पावलांत धापा टाकत असेल, चेहरा पिवळट दिसत असेल, तर आशाताईला सांगून रक्त तपासून घ्या. दम नाही म्हणून खेळ सोडलेल्या कितीतरी पोरींच्या अंगात फक्त रक्त कमी असतं.

आणखी एक गोष्ट बायाच एकमेकींच्या कानात विचारतात, म्हणून उघड सांगतो. पाळीच्या दिवसांत पोरगी खेळली तर काही बिघडत नाही. पोट दुखत असेल, अंगावरून जास्त जात असेल, तर तिला बसू द्या. नाहीतर तिला पळू द्या. ‘पळापळीने पुढे मूल होत नाही’ हे साफ खोटं आहे.

दिल्लीच्या विश्वचषकाकडे परत येऊ. १३ जानेवारीला तो सुरू झाला. महिलांचे १९ देशांचे संघ आले होते. आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५ विरुद्ध १८, इराणला १०० विरुद्ध १६, मलेशियाला १०० विरुद्ध २० असं हरवलं. मग बांगलादेश, मग दक्षिण आफ्रिका, आणि शेवटी नेपाळ. गुण इतके मोठे का, असं वाटेल. तिथे खेळ मॅटवर होता आणि नियम वेगवान केले होते. पाळी सात मिनिटांची, एका गड्याला बाद केलं की दोन गुण. शिवाय पळणारी तुकडी तीन मिनिटं टिकली की तिला वरचे गुण. ‘वझीर’ नावाची एक खेळाडू असते, तिला दोन्ही दिशांना पळायची मुभा. बुद्धिबळातल्या वझिरासारखंच. जुन्या खेळाडूंना हे बदल फारसे आवडत नाहीत, पण बघणाऱ्याला मजा येते हे खरं.

त्या संघात दिल्लीची नसरीन शेखही होती. तिचे वडील भांडी विकायचे, घरात भावंडं अकरा. नसरीनला २०२३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पैशाचं म्हणाल तर विश्वचषकानंतर आपल्या राज्य सरकारने महाराष्ट्राच्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि नोकरी जाहीर केली. रक्कम ऐकून आमच्या गटातल्या एका मावशीने कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “आमच्या पोरीला आम्ही लंगडी खेळते म्हणून धपाटा घातला होता.”

आता खरा अडथळा. पोरगी चौदाव्या वर्षापर्यंत खेळते, तोवर कुणी काही म्हणत नाही. ती मोठी दिसायला लागली की आखूड चड्डी, अंधार, परगाव, पुरुष प्रशिक्षक, ‘लोक काय म्हणतील’ सगळं एकदम सुरू होतं. आणि मग स्थळ येतं. जिल्हा संघात निवड झालेली पोरगी पुढच्या वर्षी मंडपात दिसते. अठरा वर्षांच्या आत लग्न करणं गुन्हा आहे, हे आपण या कार्यक्रमात पूर्वीही बोललो आहोत. अठरानंतरही लग्न झालं म्हणजे खेळ संपला, असं आपण धरूनच चालतो. सासरच्यांनी बंदी घालायचीसुद्धा गरज पडत नाही, पोरगी स्वतःच बूट माळ्यावर टाकते.

इथे तुम्हाला थोडं दूर नेतो, सातासमुद्रापलीकडे, कॅनडा देशात. तिथे थंडीत सगळं गोठतं, आणि बर्फावर एक खेळ खेळतात, कर्लिंग. ऐकून हसू येईल असा खेळ आहे. वीसेक किलोचा गुळगुळीत दगडी गोटा, त्याला वर मूठ, जवळजवळ आपल्या जात्याच्या तळीसारखा. तो बर्फावरून सरकवायचा आणि दूरच्या गोलात नेऊन थांबवायचा. संघात चौघी. एक गोटा सोडते आणि दोघी त्या गोट्याच्या पुढे पळत पळत झाडूने बर्फ झाडतात! झाडलं की बर्फ किंचित मऊ होतो, गोटा लांब आणि सरळ जातो. कधी झाडायचं आणि कधी थांबायचं, हे कर्णधार ओरडून सांगते. म्हणजे झाडू मारणं हे तिकडे राष्ट्रीय अजिंक्यपदाचं कौशल्य आहे. आपण रोज अंगण झाडतो, आपल्याला कुणी पदक दिलं नाही, हा भाग वेगळा.

कॅनडात बायकांची राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा १९६१ ला सुरू झाली, म्हणजे आपल्या महिला खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेच्याच आगेमागे. तिथेही तसंच, प्रत्येक प्रांताचा संघ येतो. सस्कॅचवान नावाचा गव्हाच्या शेतीचा प्रांत आहे. तिथल्या बिगर नावाच्या छोट्या गावात वाढलेली एक पोरगी, सँड्रा श्मिर्लर. तिच्या संघाने तीन वेळा राष्ट्रीय आणि तीन वेळा जागतिक अजिंक्यपद जिंकलं, १९९३, १९९४ आणि १९९७ ला. पण सांगायचं आहे ते पुढचं. सप्टेंबर १९९७ मध्ये सँड्राला मुलगी झाली. ऑलिंपिकला कुठला संघ जाणार, हे ठरवणारी स्पर्धा नोव्हेंबरमध्ये होती. पोर दोन महिन्यांचं, अंगावर पिणारं. सँड्रा खेळली, जिंकली, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये जपानमधल्या नागानोला गेली. ऑलिंपिकमध्ये महिलांच्या कर्लिंगला पदक मिळायची ती पहिलीच वेळ, आणि ते पहिलं सुवर्ण तिच्या संघाने घेतलं. दोनच वर्षांनी, २००० साली, छत्तीस वर्षांची असताना ती कर्करोगाने गेली. तिच्या गावाकडे आजही तिचं नाव आदराने घेतात.

बाळंतिणीने दोन महिन्यांत मैदानात उतरावं, असा आमचा आग्रह मुळीच नाही. प्रत्येकीचं शरीर वेगळं, आणि आपल्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस नीट विश्रांती मिळाली तरी मिळवली. पण लग्न झालं, पोर झालं, तरी खेळ उरतो, हे बघितलेलं असावं. ते तान्हं पोर त्या वेळी कुणीतरी सांभाळलं असणारच. आपल्याकडे शेतात कापूस वेचायला जाताना शेजारीण लेकरू सांभाळते. तालमीसाठी दोन तास सांभाळायला काय हरकत आहे?

आता आपल्या पोरीने सुरुवात कुठून करायची, ते सांगतो. दोन वाटा आहेत. पहिली शाळेची. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि तिथून राष्ट्रीय. शाळेने संघ उतरवला तरच पोरीला संधी मिळते. दुसरी वाट खो-खो संघटनेची. क्लब किंवा क्रीडा मंडळ नोंदवलेलं असतं, त्यातून जिल्ह्याचा किशोरी, कुमारी आणि महिला संघ निवडतात. प्रियांका, सारिका, अश्विनी या वाटेनेही गेल्या. पोरीला दोन्ही वाटांनी खेळू द्यावं. शाळा सुटली की पहिली वाट बंद होते, दुसरी उघडी राहते.

खेळाच्या प्रमाणपत्राला मोल आहे. दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कुठल्या पदाला कुठल्या पातळीचं यश लागतं हे शासन निर्णयात ठरलेलं असतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते. पैसे घेऊन प्रमाणपत्र आणून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत लावा. पडताळणीत ते पकडलं जातं आणि पोरगी कायमची बदनाम होते. खरी प्रमाणपत्रं आधार कार्ड, जन्माच्या दाखल्याबरोबर एका पिशवीत ठेवा, झेरॉक्स वेगळी ठेवा. पावसाळ्यात ट्रंकेच्या तळाला ठेवू नका.

मग गटाने काय करायचं? सव्वाचार गुंठे सपाट जागा बहुतेक प्रत्येक गावात आहे. शाळेचं पटांगण असतं, नाहीतर गावठाण असतं. दगड-काचा वेचून, पाणी मारून, रोलर नसेल तर चोपण्याने चोपून घ्यायचं. दोन खांब सुताराकडून गुळगुळीत करून घ्यायचे, कारण पोरी त्यांना हाताने धरून वळतात, कूस लागली तर तळहात फाटतो. रेषा फक्कीने मारायच्या. बारीक मापं शाळेतल्या खेळाच्या सरांना माहीत असतात, ते नसतील तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारावं. संभाजीनगरला गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे गेलात की चौकशी होते. एका गटाच्या दोन बायांनी मिळून जावं. एकटी गेली तर शिपायाशीच बोलून परत येते, हा आपला सगळ्यांचाच अनुभव.

खरा खर्च पुढे लागतो. तालुक्याला जायचं गाडीभाडं, ट्रॅकसूट, दोन वेळचं जेवण, बूट. बारा पोरींचं हे एका आईला झेपत नाही, पण दहा-बारा गटांच्या गावाला झेपतं. गटाच्या बचतीला हात लावू नका, त्याचा हिशेब वेगळा. वेगळी पावती फाडा, ग्रामसभेत विषय मांडा, आणि ठराव लिहून घ्या. संध्याकाळी मैदानावर आळीपाळीने दोन बाया बसल्या तरी अर्ध्या शंका संपतात. रस्त्यावर कारखान्याच्या गाड्यांची वर्दळ असते, पोरींना एकट्या परत पाठवायचं म्हणजे जीव वर-खाली होतो. बसलेल्या बाईने निवडक भाजी, गोधडीचं शिवण, जे हातात असेल ते घेऊन बसावं. परगावी संघ जाणार असेल तर बरोबर एक बाई असलीच पाहिजे, हे शाळेला स्पष्ट सांगा. शाळा नाही म्हणाली तर लेखी मागा. कपड्यांवरून घरात वाद होत असेल, तर गुडघ्याखालच्या पँटनेही खेळता येतं. त्या वादात पोरीचं वर्ष घालवू नका.

शालेय स्पर्धांची नोंदणी शाळेमार्फत होते, आणि तारीख गेली की पुन्हा पुढच्या वर्षीच. म्हणून जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच पालक सभेत मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा. मुलींचा खो-खोचा संघ उतरवणार आहात का, सराव कुणाकडे आहे, आणि आमच्या पोरीचं नाव नोंदवायला जन्मतारखेचा कुठला कागद लागतो. उत्तर वहीत लिहून आणा, आणि गटाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.